पट्टी दंडावर, जबाबदारी खांद्यावर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जयंतीच्या निमित्ताने एका वस्तीत मुलांच्या फुटबॉल स्पर्धा भरल्या होत्या. अंतिम सामना. मैदान म्हणजे धुळीचा एक चौकोन, दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट आणि भोवती सारी वस्ती. सामना संपायला दोन-तीन मिनिटे उरलेली असताना चौदा वर्षांच्या गोलकीपरच्या हातून साधा चेंडू निसटला आणि गोल झाला. संघाचा कॅप्टन अर्धे मैदान ओलांडून धावत आला. मला वाटले, पोराच्या पाठीवर हात ठेवेल. त्याने भरल्या मैदानात त्याला आईवरून शिवी दिली. मुलाने हातमोजे काढले, पोस्टजवळ ठेवले आणि शिट्टी वाजताच कुणाशी न बोलता घरी गेला. पुढच्या वर्षी तो खेळायला आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मी संयोजकांना विचारले, या मुलाला कॅप्टन कुणी केले? उत्तर मिळाले, "त्याच्या काकांनी जर्सी दिल्या ना!"

वाचकहो, या उत्तरावर हसून चालणार नाही. जर्सी देणाऱ्याचा पुतण्या कॅप्टन होतो, मंडप देणाऱ्याचा भाऊ अध्यक्ष होतो आणि हातमोजे काढून निघून गेलेल्या पोराची आठवणही कुणी काढत नाही. म्हणून आज एक साधा प्रश्न घेऊ या. फुटबॉल संघाचा चांगला कॅप्टन कोणाला म्हणावे?

प्रथम नियम काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे कॅप्टन म्हटले की क्रिकेटचा कर्णधार डोळ्यांपुढे येतो. तो गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षण लावतो, डाव घोषित करतो. षटक संपले की त्याला विचार करायला उसंत मिळते. फुटबॉलमध्ये यातले काही नाही. पंचेचाळीस मिनिटांचा अर्धा डाव चालू राहतो. खेळाडू कोण बदलायचा हे प्रशिक्षक ठरवतो. कॅप्टनच्या वाट्याला नाणेफेक येते आणि दंडावर एक पट्टी येते. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तर स्पष्टच म्हटले आहे की, कॅप्टनला कोणताही खास दर्जा नाही, कोणतीही सवलत नाही. संघाच्या वर्तनाची काही जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे. २०२४ पासून रेफरीला घेराव घालणाऱ्या खेळाडूंना आवर घालण्यासाठी केवळ कॅप्टननेच रेफरीशी बोलावे अशी पद्धत अनेक स्पर्धांनी स्वीकारली. म्हणजे इतर दहा जणांच्या वतीने बोलायचे काम त्याच्याकडे आले. अधिकार शून्य, जबाबदारी पुरेपूर! आपल्याकडे पदाचा अर्थ नेमका याच्या उलटा लावला जातो, हे वेगळे सांगायला नको.

मग अधिकार नसलेला हा माणूस संघासाठी करू तरी काय शकतो? या प्रश्नाचे उत्तर १६ जुलै १९५० या दिवशी रिओच्या माराकाना मैदानावर मिळाले. ते देणारा होता उरुग्वेचा कॅप्टन, ऑब्दुलिओ व्हारेला.

काळा सरदार

उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतला चिमुकला देश. १९१६ साली दक्षिण अमेरिकेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. उरुग्वेने चिलीला ४-० असे हरवले. त्या संघात इसाबेलिनो ग्रादीन आणि हुआन देल्गादो हे दोन काळे खेळाडू होते. हरलेल्या चिलीने तक्रार केली की, उरुग्वेने आफ्रिकेची माणसे खेळवली! गुलामांच्या वंशजांना देशाचे नागरिक मानायचीही ज्यांची तयारी नव्हती, त्यांची ही तक्रार होती. गोल मारला तरी रंग आडवा येतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

पुढच्याच वर्षी, १९१७ साली, मॉन्टेव्हिडिओत ऑब्दुलिओ जन्मला. घर गरिबीचे. आईच्या बाजूने रक्त आफ्रिकी. वडिलांचे आडनाव त्याने लावले नाही, आईचे व्हारेला हे आडनाव आयुष्यभर मिरवले. शाळा थोडकीच झाली. लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली. पुढे तो पेन्यारोल या मोठ्या क्लबचा सेंटर हाफ झाला आणि लोक त्याला 'काळा सरदार' म्हणू लागले. ही पदवी त्याला कुठल्या पदाधिकाऱ्याने दिली नव्हती.

ती त्याने कशी मिळवली ते पाहा. १९४८ साली उरुग्वेच्या व्यावसायिक खेळाडूंनी संप केला. क्लब खेळाडूंना मालमत्तेसारखे वागवत होते आणि खेळाडूंची संघटना मान्य करायला तयार नव्हते. संप महिनोनमहिने चालला. या संपाच्या पुढच्या फळीत ऑब्दुलिओ होता. तो नामवंत खेळाडू, त्याला क्लबने हवे ते दिले असते. पण तो किरकोळ पगारावरच्या खेळाडूंसोबत उभा राहिला. असेही सांगतात की, पुढे पेन्यारोलने खेळाडूंच्या सदऱ्यावर जाहिरात लावायचे ठरवले, तेव्हा दहा जण जाहिरातीचा सदरा घालून उतरले आणि ऑब्दुलिओ जुनाच सदरा घालून उतरला. माणूस विकाऊ नाही, हे सांगण्यासाठी त्याला भाषण करावे लागले नाही.

माराकानावर जे घडले त्याचे मूळ या संपात आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याने आपल्यासाठी भाकरी पणाला लावली, त्याच्या शब्दाखातर माणसे दोन लाखांच्या गर्जनेपुढे उभी राहतात. सामन्याच्या दिवशी पट्टी बांधून हा विश्वास तयार होत नाही.

तो सामना

१९५० च्या विश्वचषकात शेवटी चार संघांची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे धुऊन काढले होते. उरुग्वेने स्पेनशी कशीबशी २-२ बरोबरी केली होती आणि तोही बरोबरीचा गोल ऑब्दुलिओचाच होता. स्वीडनला त्यांनी ३-२ असे हरवले होते. अखेरच्या सामन्यात ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. मैदानात अधिकृत आकड्यानुसार १,७३,८५० तिकिटांचे प्रेक्षक होते, प्रत्यक्षात दोन लाखांच्या घरात. एका वर्तमानपत्राने तर आधीच ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र छापून त्यांना जगज्जेते ठरवून टाकले होते. उरुग्वेच्या काही पदाधिकाऱ्यांनी आपल्याच खेळाडूंना सांगितले म्हणे, की फार गोल खाऊ नका, इज्जत राखा म्हणजे झाले.

प्रशिक्षक हुआन लोपेझ यांनी ड्रेसिंग रूममध्ये बचावाचा खेळ खेळायला सांगितले. ते बाहेर गेल्यावर ऑब्दुलिओ उठला. लोपेझ हा भला माणूस आहे, पण आज तो चुकतो आहे, नुसता बचाव करत बसलो तर आपलीही गत स्पेन आणि स्वीडनसारखी होईल, असे त्याने सोबत्यांना समजावले. गॅलरीतल्या गर्दीकडे बघू नका, ती काही खेळायला उतरणार नाही, असेही बजावले. त्याने प्रशिक्षकाचा अपमान केला नाही, माघारी टवाळी केली नाही. पण गप्पही बसला नाही.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. उत्तरार्ध सुरू होताच ४७ व्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला आणि माराकाना फुटतो की काय असे झाले. आता इथे लक्ष द्या. गोल खाल्लेला संघ सहसा घाईने चेंडू मध्यावर आणतो, घाबरून खेळतो आणि दुसरा गोल खातो. ऑब्दुलिओने चेंडू जाळ्यातून उचलला, काखेत मारला आणि सावकाश, अगदी सावकाश, तो लाईन्समनकडे चालत गेला. ऑफसाईड होता म्हणाला. मग इंग्रज रेफरी जॉर्ज रीडरकडे गेला. रेफरीला स्पॅनिश कळेना, याला इंग्रजी येईना. याने दुभाषी मागितला! वाद चालू राहिला. प्रेक्षक आधी नाचत होते, मग शिव्या घालू लागले, मग हळूहळू शांत झाले.

गोल रद्द होणार नाही हे ऑब्दुलिओला चांगले ठाऊक होते. त्याला हवी होती ती मिनिटे. त्या वेळी खेळ तापलेलाच राहिला असता तर ब्राझीलने आपला चुराडा केला असता, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. त्या मिनिटांत त्याच्या दहा सोबत्यांचा श्वास जागेवर आला. दोन लाख लोकांचा राग त्याने एकट्याने अंगावर घेतला आणि सोबत्यांना त्यातून मोकळे केले. मला विचाराल तर कॅप्टन या शब्दाची याहून चांगली व्याख्या नाही.

६६ व्या मिनिटाला श्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला घिग्गियाने दुसरा गोल केला. उरुग्वे २-१ ने विश्वविजेता झाला. ऑब्दुलिओने त्या दिवशी एकही गोल केला नाही. गोल करणाऱ्यांची नावे वेगळी आहेत, तरीही त्या सामन्याची आठवण निघाली की त्याचे नाव घेतले जाते. चांगला कॅप्टन संघातला सर्वांत मोठा गोल करणारा असावा लागत नाही. दुसऱ्याला गोल करता येईल असे मन त्याने तयार करावे लागते.

त्या गोंधळात विश्वचषक देण्याचा समारंभसुद्धा झाला नाही. जूल रिमे यांनी गर्दीतून वाट काढत तो कसाबसा ऑब्दुलिओच्या हातात दिला. आणि रात्री? पदाधिकारी मेजवानीत असताना हा गडी रिओच्या दारूच्या गुत्त्यांतून हिंडत होता. रडणाऱ्या ब्राझीलच्या माणसांबरोबर तो बसला. ते दुःख पाहून आपल्यालाच वाईट वाटले, असे तो नंतर सांगत असे. पदाधिकाऱ्यांनी स्वतःला सोन्याची पदके वाटून घेतली आणि खेळाडूंना चांदीची दिली, हेही त्यानेच सांगितले. मिळालेल्या बक्षिसातून त्याने १९३१ सालची एक जुनी फोर्ड गाडी घेतली, तीही आठवड्यात चोरीला गेली. १९५४ च्या विश्वचषकातही तो छत्तिसाव्या वर्षी खेळला. विश्वचषकातला जो सामना तो खेळला, तो उरुग्वे एकदाही हरला नाही. १९९६ साली तो गेला.

पराभवात कोण उभे राहिले?

पण त्या मैदानावर आणखी एक काळा माणूस होता. त्याचे नाव मोआसिर बार्बोसा, ब्राझीलचा गोलकीपर. घिग्गिया पहिल्या गोलच्या वेळेसारखाच चेंडू आत देईल असे समजून तो किंचित पुढे सरकला. घिग्गियाने थेट जवळच्या पोस्टमधून चेंडू आत घातला. एवढीच त्याची चूक. त्यासाठी साऱ्या देशाने त्याला जन्मभर गुन्हेगार ठरवले. बार्बोसा, बिगोदे, जुवेनाल या काळ्या खेळाडूंवर पराभवाचे खापर फुटले. अकरा जण हरले, पण शिक्षा रंग पाहून वाटली गेली. १९९३ मध्ये राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात गेलेल्या म्हाताऱ्या बार्बोसाला अपशकुनी म्हणून भेट नाकारली गेली, असे सांगतात. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशी खंत त्याने व्यक्त केली होती. एप्रिल २००० मध्ये तो मरण पावला.

अपशकुनी! हा शब्द आपण ओळखतो. विजयात सर्वांचा वाटा आणि पराभवात एकाचाच विटाळ, ही रीत केवळ ब्राझीलची नाही.

म्हणून मी म्हणतो, कॅप्टनची परीक्षा जिंकलेल्या दिवशी होत नाही. ज्या दिवशी गोलकीपरच्या हातून चेंडू निसटतो, त्या दिवशी होते. त्या क्षणी कॅप्टनने जगाकडे तोंड आणि सोबत्याकडे पाठ करून मध्ये उभे राहायचे असते. रागवायचे असेल तर ते आत, चार भिंतींच्या आड. बार्बोसासाठी असे कुणी पन्नास वर्षांत उभे राहिले नाही.

एक माणूस, एक मत

आता दुसरा कॅप्टन पाहू. हाही ब्राझीलचाच. सॉक्रेटिस. शिक्षणाने डॉक्टर, १९८२ च्या विश्वचषकात ब्राझीलचा कॅप्टन. ब्राझीलमध्ये १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. क्लबांमध्येही तोच कारभार. सामन्याआधी खेळाडूंना कोंडून ठेवायचे आणि निर्णय मात्र वरून यायचे. कोरिंथियन्स हा साओ पावलोच्या कष्टकऱ्यांचा लाडका क्लब. तिथे १९८२ पासून सॉक्रेटिस, काळा लेफ्ट बॅक आणि संघटनेचा कार्यकर्ता व्लादिमिर, तरुण कासाग्रांदे आणि समाजशास्त्र शिकलेले संचालक अदिल्सन मोंतेइरो आल्व्हेस यांनी वेगळाच कारभार सुरू केला. सामन्याआधी खेळाडूंनी एकत्र कोंडून घ्यायचे की घरी झोपायचे, कोणता खेळाडू घ्यायचा, अशा सगळ्या गोष्टींवर मतदान. आणि मत सर्वांचे सारखे. मालिश करणारा असो, सामान सांभाळणारा असो की देशाचा कॅप्टन असो, एक माणूस, एक मत!

अशाने शिस्त बिघडेल, संघ बुडेल, असे शहाण्यांनी सांगितले. कोरिंथियन्सने १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे साओ पावलो राज्याचे अजिंक्यपद पटकावले. नोव्हेंबर १९८२ मध्ये निवडणुका होत्या, तेव्हा खेळाडूंच्या पाठीवर १५ तारखेला मतदान करा असे लिहिलेले होते. १९८४ साली थेट राष्ट्राध्यक्ष निवडण्याच्या हक्कासाठी लाखोंच्या सभा झाल्या. घटनादुरुस्ती मंजूर झाली तर मी परदेशी जाणार नाही, असे सॉक्रेटिसने जाहीर केले. ती मंजूर झाली नाही आणि तो इटलीला गेला.

सॉक्रेटिसने विश्वचषक कधी जिंकला नाही. १९८२ मध्ये त्याचा सुंदर खेळणारा संघ इटलीकडून ३-२ असा हरला. त्याला सिगारेट आणि दारूचे व्यसन होते आणि २०११ मध्ये ५७ व्या वर्षी तो गेला. डॉक्टर असून त्याने स्वतःला सांभाळले नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण कॅप्टनचा देव करायचा नसतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. मैदानालाही हे लागू आहे. सॉक्रेटिसची थोरवी अशी की, आपल्यावरची भक्ती त्याने मतपेटीत विसर्जित केली. सामान सांभाळणाऱ्याच्या मताइतकीच स्वतःच्या मताची किंमत ठेवणारा कॅप्टन किती संघांना लाभतो?

ऑब्दुलिओने संकटात भार एकट्याने उचलला. सॉक्रेटिसने शांततेच्या काळात अधिकार सर्वांत वाटला. वरवर पाहता हे दोन मार्ग वेगळे वाटतात, पण मूळ एकच आहे. दोघांनीही पट्टी स्वतःसाठी वापरली नाही. भार येईल तेव्हा पुढे आणि मान येईल तेव्हा मागे, हा चांगल्या कॅप्टनचा क्रम. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला, की संघही फुटतो आणि संघटनाही.

पट्टी कुणाच्या दंडावर?

आपल्या महाराष्ट्रात ही पट्टी जातीने अडवली होती, हे विसरता येणार नाही. खेळ क्रिकेटचा होता, पण प्रश्न हाच. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे सामने त्यांच्या गोलंदाजीवर जिंकले गेले, पण कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. बळी घ्यायला अस्पृश्याचा हात चालतो, पण त्याचा हुकूम चालत नाही! १९२० साली त्यांच्या विठ्ठल आणि शिवराम या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने मुंबईची स्पर्धा जिंकली. पुढे राजकारणात बाळूंची वाट बाबासाहेबांच्या वाटेहून वेगळी झाली, तो इतिहास निराळा. पण गुणवत्ता असूनही पट्टी नाकारली जाण्याचा तो अन्याय आपला आहे.

मग ज्यांना पट्टी नाकारली गेली, त्यांच्याच वस्तीत आज ती जर्सी देणाऱ्याच्या पुतण्याला का मिळावी? २००१ साली नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यावर नागराज मंजुळे यांनी काढलेला 'झुंड' २०२२ मध्ये सर्वांनी पाहिला. टाळ्या वाजवल्या. पण पडद्यावर टाळ्या वाजवून आपल्या गल्लीतला संघ सुधारत नाही. त्यासाठी चार गोष्टी कराव्या लागतील आणि त्यांना एक रुपयाही लागत नाही.

कॅप्टन मुलांनी निवडावा, चिठ्ठी टाकून, राखीव खेळाडूंसह सर्वांच्या समान मताने. निवडताना गोल किती मारले हे न पाहता सराव संपल्यावर चेंडू आणि जाळी कोण गोळा करतो ते पाहावे. रेफरीशी नम्रपणे पण ताठ मानेने कोण बोलतो ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, संघातले सगळ्यात कच्चे पोर कुणाजवळ जाऊन उभे राहते ते पाहावे. मुलांना हे बरोबर कळते, अडचण मोठ्यांची असते. जर्सी देणाऱ्या दानशूरांचे आभार जरूर मानावेत, व्यासपीठावर त्यांचा सत्कारही करावा, पण पट्टी मैदानातच राहू द्यावी.

हातमोजे ठेवून गेलेला तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्या दिवशी त्याच्या संघात एखादा ऑब्दुलिओ असता तर काय झाले असते? गोल तर झालाच असता आणि सामनाही कदाचित गेलाच असता. पण कॅप्टनने तो चेंडू जाळ्यातून काढून काखेत मारला असता, सावकाश मध्यावर चालत आला असता आणि वाटेत त्या पोराला म्हणाला असता, "चल बाळा, अजून दोन मिनिटं आहेत." पुढच्या जयंतीला तो पोरगा पुन्हा गोलपोस्टमध्ये उभा दिसला असता.

येत्या जयंतीच्या स्पर्धेचे संयोजन ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नाणेफेकीआधी एवढा विचार करावा. जय भीम!